भाऊंच्या गाडीतला वास

कुठलाही पाइप दिसला की भाऊ तो दोन बोटांनी धरून हलवून बघत. आमच्या ओट्यामागचा गॅसचा पाइप, गिझरचा पाइप, अगदी लग्नाच्या हॉलमधल्या कूलरचासुद्धा. हलला की म्हणत, "मोकळा सोडलाय रे. मोकळा पाइप घासतो आणि घासला की फाटतो." मग खिशातून क्लिप काढत. लग्नाला जाताना खिशात क्लिपा नेणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तुमच्या सोसायटीत असलाच, तर जपा त्याला.

नाव सांगत नाही, भाऊंना ते आवडणार नाही. मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहायचे. मूळचे मालवणकडचे, कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांची जुनी टॅक्सी खाली पार्किंगमध्ये उभी असे. तिचा काळा-पिवळा रंग खरवडून भाऊंनी तिला निळी केली आणि आतलं थकलेलं इंजिन काढून अलीकडच्या एका छोट्या गाडीचं बसवलं. पण नव्या इंजिनाला पेट्रोल जोरात लागतं, आणि जुन्या पाइपाला तो जोर सोसणार नव्हता. तेव्हा डिकीतल्या टाकीपासून बॉनेटपर्यंत सगळी लाइन नव्याने टाकणं आलं.

इथे भाऊंनी घोळ घातला. आमच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, आणि रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरबद्दल तर बोलायलाच नको. "खालून नेला तर गंजेल, नाहीतर ठोकर खाईल," असं म्हणून या गृहस्थांनी पेट्रोलचा पाइप गाडीच्या आतून, सीटखालून नेला आणि वर छान गालिचा पसरला. पहिल्याच फेरीला त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नाक्यावर उतरून चालत परत आल्या. "माका वास येता," एवढंच म्हणाल्या आणि तरातरा जिना चढल्या. आम्ही हसून हसून बेजार झालो. भाऊही हसले. मग त्यांनी पाइप गाडीच्या पोटाखालून नेला, गरम सायलेन्सरपासून लांब, वीत-वीत अंतरावर क्लिप ठोकून आणि प्रत्येक क्लिपखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून. त्या मे महिन्यात वहिनी पुढच्या सीटवर बसून थेट गावाला जाऊन आल्या.

पुढे वहिनी आजारी पडल्या. कॅन्सर निघाला, केमो सुरू झालं. रिक्षाचे धक्के त्यांना सोसेनात आणि बंद टॅक्सीत जीव घुसमटायचा. भाऊ म्हणाले, "आपली गाडी आहे ना! काचा उघड्या ठेवून हळूहळू नेईन." वहिनी खाली आल्या, भाऊंनी दार उघडलं, आणि वहिनींनी पदर नाकाला लावला.

"वास येता."

त्या दिवशी रिक्षानेच जावं लागलं. दुसऱ्या दिवशी भाऊंनी सगळी लाइन उतरवली. जोड बदलले, टाकीचं झाकण बदललं, पाइप पत्र्यातून जातो तिथलं रबर बदललं. मी वाकून वाकून हुंगलं, मला काही वास येईना. पुढच्या खेपेला वहिनी आल्या तर वास होताच. भाऊंनी पुन्हा लाइन उतरवली.

मग माझ्या बायकोकडून कळलं की वहिनींना भातालाही पेट्रोलचा वास येतो, चहालाही येतो, धुतलेल्या उशीलासुद्धा येतो. औषधांनी असं होतं म्हणे. हे भाऊंना सांगायला हवं असं मला वाटलं. रविवारी सकाळी ते गाडीखाली आडवे झाले होते, नुसते पाय बाहेर. मी त्या पायांशी उकिडवा बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

खालचा पान्याचा आवाज थांबला.

"ठाऊक आहे रे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग हे कशाला करताय, भाऊ?"

"भाताचं मी काय करू? हे तरी मला येतं."

पाना पुन्हा फिरू लागला. मी तिथेच बसून एकेक क्लिप त्यांच्या हातात देत राहिलो. माझे डोळे भरून आले होते, आणि भाऊ गाडीखाली आहेत हे एका परीने बरंच होतं.

आता वहिनी नाहीत. भाऊ गाडी देऊन टाकून गावी गेले, समोरच्या दाराला कुलूप असतं. पण त्याआधीची एक फेरी सांगायची राहिली.

एका सकाळी वहिनी आपण होऊन खाली आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. "अवो, चला, वायच फिरान येवया. आज वास येणा नाय."

भाऊंना काय करू आणि काय नको असं झालं. "तू पण चल रे, बघ कशी झकास पळते!" म्हणत त्यांनी मला मागे कोंबलं. आरे कॉलनीतली झाडं लागेपर्यंत त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. वहिनींनी काच खाली करून तोंड बाहेर काढलं होतं. मला वाटलं, हवा खातायत. मग दिसलं, पदराचा बोळा दातांत धरलेला होता आणि त्या सारख्या आवंढे गिळत होत्या.

भाऊंनाही ते दिसलं. बोलणं मध्येच तुटलं. गाडी हळू घ्यावी तर वास जास्त वेळ सोसावा लागणार, जोरात घ्यावी तर धक्के. त्यांचा पाय एकदा दाबत होता, एकदा सैल पडत होता. आणि थांबावं, तर वहिनींना कळणार की त्यांचं खोटं पकडलं गेलं. मी मागे बसून तबेल्यातल्या म्हशी बघत राहिलो.

शेवटी भाऊ समोर बघतच म्हणाले, "परतूया गो?"

वहिनींनी तोंडातला पदर काढला. भाऊंकडे वळून हसल्या.

"इतक्यात? माका बरा वाटता. आजून वायच फुडे जावया."

भाऊंनी गिअर बदलला आणि गाडी पुढे घेतली.