पासपोर्ट क्रॉयडनला होता

फोन सईचा होता. ती सहसा मेसेज करते, फोन करत नाही, म्हणून मी मीटिंगमधून उठून बाहेर आले. “आत्या,” ती म्हणाली, “बाबा गेली.” मला वाटलं, बाबा कुठेतरी बाहेर गेलेत आणि ही नेहमीसारखी चुकतेय. इंग्लंडमध्ये शाळेत गेल्यापासून तिचं हे असंच... ‘बाबा आली’, ‘आई गेला’. नंदूदादा न कंटाळता दर वेळी दुरुस्त करायचा. “कुठे गेले?” मी विचारलं. “नाही आत्या, गेली,” ती पुन्हा म्हणाली, आणि मग मला समजलं.

याला आता दीड महिना होईल. नंदूदादा माझा मावसभाऊ, कुसुममावशीचा एकुलता एक मुलगा. नॉटिंगहॅमच्या बाहेर, डर्बीशायरच्या हद्दीवरच्या एका गावात तो जनावरांचा डॉक्टर होता. सकाळी एका फार्मवरून दुसऱ्या फार्मकडे जाताना त्याने गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावली, इंडिकेटर चालू ठेवला, आणि तिथेच गेला. मागून येणाऱ्या एका बाईला वाटलं, फोनवर बोलत असेल. पंचावन्नही पूर्ण झाली नव्हती. त्याच्याविषयी लिहायचं म्हणून बसले, तर शेवटच्या पंधरा-सोळा चांगल्या वर्षांतलं काही आठवत नाही. सगळं मन त्याआधीच्या चार-पाच वर्षांकडेच धाव घेतं.

तो इथे आला तो दोन हजार तीन साली. वृषालीवहिनी त्याच्या आधी आली होती. ती भूलतज्ज्ञ, डॉक्टरांची इथली परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात लागली. दादा तेव्हा परभणी जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर होता. मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचा, आणि पंचक्रोशीत कुणाची गाय अडली की माणसं आधी त्याच्याच दाराशी यायची. बायकोच्या व्हिसावर तो आला तेव्हा सई दीड वर्षाची होती. तिला मावशीपाशी ठेवलं. सहा महिन्यांपुरतं, असं ठरलं होतं. वहिनी आठवड्यातून दोन-तीनदा ऑन कॉल, दादाला परीक्षा द्यायची, तिसरं माणूस घरात नाही. सगळ्यांना तेच शहाणपणाचं वाटलं होतं. मलासुद्धा.

जनावरांच्या डॉक्टरांची परीक्षा इथे वर्षातून एकदाच व्हायची. आणि ती फक्त गायीगुरांची नव्हे... कुत्री, मांजरं, ससे, घोडे, सगळ्यांची. आयुष्यात ससा त्याने कधी हातात धरला नव्हता. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे सशांची जोडी होती. तो दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचा आणि ससा कसा उचलायचा, दात कसे बघायचे, याचा सराव करायचा. बाईंना वाटायचं, याला ससे फार आवडतात. नाताळला त्यांनी त्याला सशाचं चित्र असलेला मग दिला. हे सांगताना तो पोट धरून हसत होता.

रजिस्ट्रेशन होईपर्यंत डॉक्टर म्हणून काम करता येणार नव्हतं. म्हणून त्याने पीटर नावाच्या एका शेतकऱ्याकडे दूध काढायची नोकरी धरली. पहाटे गोठ्यात मशिनं लावायची, शेण धुवायचं, वासरांना पाजायचं आणि वहिनी ड्यूटीवर निघायच्या आत घरी यायचं. पीटरला माहीत होतं, हा डॉक्टर आहे. तो कधी त्याला नोकरासारखा बोलला नाही. पण एखादी गाय आजारी पडली की पीटर त्याच्या डॉक्टरला फोन करायचा, आणि दादा गायीचं डोकं धरून उभा राहायचा. “खरं सांगू,” तो एकदा मला म्हणाला, “हात नुसते शिवशिवतात गं. तो तपासत असतो आणि मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर तपासतो.”

मी तेव्हा लंडनमधल्या क्रॉयडनला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत होते. व्हिसाचं ऑफिस क्रॉयडनलाच, त्यामुळे वर्षा-दीड वर्षाने दोघं माझ्याकडे मुक्कामाला यायचे आणि सकाळी रांगेत जाऊन उभे राहायचे. त्या मुक्कामांत मी त्यांना जवळून पाहिलं. दादा कॉलिंग कार्ड घेऊन परभणीला फोन लावायचा. मावशी फोन सईच्या कानाला लावायची. सई एक अक्षर बोलायची नाही. इकडे हा विचारायचा, “जेवलीस का गं? मांजर आलं होतं का?” एकदा मी म्हटलं, “अरे, ती बोलत नाही, कशाला कार्ड संपवतोस?” तर म्हणाला, “बोलते ती. मान हलवते. आई सांगते ना मला, आता हो म्हणाली, आता नाही म्हणाली.” वहिनी शेजारच्या खोलीत पाठ करून झोपल्याचं सोंग करायची. फोन तिच्याकडे दिला की तिच्याने बोलवायचं नाही, म्हणून तिने घेणंच सोडलं होतं.

पहिल्या वर्षी तो घोड्यांत नापास झाला, दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत. परीक्षक काय विचारतात ते कळायचं, पण उत्तर आधी मराठीत यायचं, मग इंग्रजीत. तोवर पुढचा प्रश्न आलेला असायचा. सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर वहिनीने एका वाक्यात विषय संपवला. “परीक्षा राहू दे. सईला आण.”

तो जाऊन तिला घेऊन आला. मी हीथ्रोला न्यायला गेले होते. सई त्याच्या खांद्यावर झोपलेली होती, मावशीने विणलेलं लाल स्वेटर अंगात. गाडीत जाग आली तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, आणि दादाला विचारलं, “काका, आपण घरी कधी जायचं?” दादा म्हणाला, “जाऊ हं.” इतकंच. नॉटिंगहॅमला वहिनी दारात उभी होती. सईने तिला नमस्कार केला. मोठ्या माणसांना नमस्कार करायचा, असं मावशीने शिकवून पाठवलं होतं.

पुढचं वर्ष तो परीक्षेला बसलाच नाही. पहाटे गोठा, मग सईची शाळा, मग घरकाम, दुपारी पुन्हा गोठा. वहिनीची बदली कधी लिंकनला, कधी मॅन्सफिल्डला. ती नाईट करून आली की घरात पावलं न वाजवता वावरायचं. सई हळूहळू त्याला बाबा म्हणायला लागली. आईला ‘आई’ म्हणायला तिला आणखी वेळ लागला, कारण आई म्हणजे तिच्या लेखी परभणीची. एका शनिवारी मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी पोळ्या लाटत होती. सई तिच्या मागे जाऊन म्हणाली, “मला छोटी पोळी कर, आई.” वहिनीने लाटणं खाली ठेवलं नाही. तशीच लाटत राहिली. छोट्या छोट्या पोळ्यांचा हा ढीग झाला. दादा मला हळूच म्हणाला, “आज कुणी पुरे म्हणायचं नाही.” आम्ही सगळ्या खाल्ल्या.

मग डॉक्टरांच्या व्हिसाचे नियम बदलले. वहिनीचं ट्रेनिंग अर्ध्यावर होतं आणि पुढची जागा मिळेल की नाही, ते सांगता येईना. ओळखीतली कितीतरी डॉक्टर मंडळी सामान बांधून परतली. या दोघांनी नवीन प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज केला. तिघांचे पासपोर्ट क्रॉयडनच्या ऑफिसात गेले. आणि दादाने पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला. त्याला रजिस्ट्रेशन मिळालं तर निदान एकाचे पाय तरी जमिनीला लागतील, असा हिशेब होता.

परीक्षा पाच-सहा आठवड्यांवर असताना परभणीहून फोन आला. मावशी अंथरुणाला खिळली होती. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, आणि डॉक्टरांनी भेटून घ्यायला सांगितलं होतं. दादाचा पासपोर्ट माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. अर्ज मागे घेतला असता तर तो परत मिळाला असता. पण मग तो पुन्हा इकडे कधी येईल याची खात्री नव्हती. परीक्षा गेली असती, आणि वहिनी-सईच्या कागदांचं काय होईल ते वकीलही ठामपणे सांगेना.

वहिनीने मला फोन केला. “नंदू तुझ्याकडे येतोय. काही विचारू नकोस, नुसतं जेवायला घाल.” तो रविवार होता. त्याने वरण-भात खाल्ला, ताट घासून ठेवलं आणि म्हणाला, “चल, त्या ऑफिसपर्यंत जाऊन येऊ.” मी म्हटलं, “दादा, आज बंद असतं.” “माहितेय.” आम्ही चालत गेलो. एरवी त्या दाराशी रांग असते, आज चिटपाखरू नव्हतं. तो इमारतीकडे मान वर करून बघत राहिला, एकेक मजला चढत गेल्यासारखा. पलीकडून ट्राम गेली. “कुठल्या मजल्यावर असेल गं?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “तू जा दादा. जे होईल ते होईल. आम्ही बघू वहिनीकडे.” त्याने इमारतीवरून नजर काढली. मग म्हणाला, “सईला एकदा आईपासून तोडून आणलंय. आता पुन्हा कुणाला तरी कुठून तरी तोडायचं... माझ्यात नाही आता तेवढं.”

तिथेच उभं राहून त्याने परभणीला फोन लावला. मावशीचा आवाज बारीक झाला होता, पण शुद्धीवर होती. त्याने माझ्यापुढे मोबाईल धरला, तेव्हा मीही ऐकलं. “तू नको येऊ बाळा,” मावशी म्हणाली. “पेपर देऊन घे. लेकरू काय करायलंय? लेकराला दे फोन.” सई नॉटिंगहॅमला होती. मावशीच्या ते ध्यानात राहिलं नव्हतं, किंवा तिच्या लेखी आम्ही सगळे एकाच घरात होतो. दादा म्हणाला, “घरी गेलो की लगेच देतो.” मी त्याला स्टेशनवर सोडलं. गाडीत बसताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी सई आजीशी बोलली. वहिनीने नंतर सांगितलं, सई अर्धा तास अखंड बोलत होती. शाळा, मैत्रिणी, बर्फ, पीटरची वासरं, आणि तिकडून मावशी फक्त हुंकार देत होती. त्या आठवड्यातच मावशी गेली. तिकडे दादाच्या काकांनी अंत्यविधीचं सगळं केलं. दादाने नॉटिंगहॅमच्या बाथरूममध्ये डोक्यावर थंड पाणी ओतून घेतलं आणि दुसऱ्या पहाटे तो गोठ्यात गेला. पीटरला कळलं तेव्हा त्याने त्याला घरी पाठवायचा प्रयत्न केला, तर म्हणाला, “इथेच बरं वाटतंय.”

त्या वर्षी तो पास झाला. निकालाचा फोन मलाच आला. “पास झालो,” म्हणाला. मी आनंदाने काहीबाही बोलत सुटले. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “नंबर लावला होता गं परभणीचा. रिंग वाजल्यावर आठवलं.” पासपोर्ट नंतर आले, शिक्क्यांसकट. वहिनीची जागाही टिकली. तो आधी एका दवाखान्यात लागला, मग तिथेच भागीदार झाला. घर झालं, सई विद्यापीठात गेली. परभणीला तो दर वर्षी जायचा, मावशीच्या रिकाम्या घरात आठवडाभर राहून यायचा. तिथे काय करतोस विचारलं तर म्हणायचा, “काही नाही. बसतो.” त्या बसण्यात काय होतं, ते मला आत्ता थोडं थोडं कळतंय. मीही हल्ली कामावरून येताना वाट वाकडी करून त्या इमारतीवरून येते. क्षणभर उभी राहते. तो शेजारी उभा राहून मजले मोजत असावा, असं वाटतं.

गेल्या आठवड्यात मी नॉटिंगहॅमला गेले होते. वहिनी हॉस्पिटलात पुन्हा रुजू झाली आहे. घरी बसवत नाही म्हणाली. सई मला पीटरच्या फार्मवर घेऊन गेली. पीटर आता म्हातारा झालाय, गुडघे गेलेत, गोठा त्याची मुलगी बघते. आम्हाला बघून तो काठी टेकत बाहेर आला. सईचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. तेवढ्यात फाटकातून एक थोराड गाय रेटत पुढे आली आणि आमच्या अंगावरच आली असती. पीटरने हात पुढे करून, अगदी हलक्या आवाजात म्हटलं, “टाम बाये, टाम... टाम माजे बाये.”

मी सईकडे बघितलं, सईने माझ्याकडे. मी पीटरला विचारलं, हे काय म्हणालास? तो म्हणाला, “माहीत नाही. नंदू म्हणायचा. पहिल्या दिवसापासून म्हणायचा. यांना ते आवडतं, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो.” त्याला वाटत होतं, तो नुसता एक आवाज आहे, गायींसाठी केलेला. एवढ्या वर्षांत त्याने कधी अर्थ विचारला नव्हता आणि दादाने सांगितला नव्हता.

सईने गायीच्या कपाळावर हात ठेवला. “टाम नाही, पीटर,” ती म्हणाली. “थांब.”

पीटरने जीभ दातांशी नेऊन दोनदा प्रयत्न केला. गाय केव्हाच थांबली होती.