सात तास वीस मिनिटं

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आई म्हणायची. खोटं नाही. पण त्या दिवसांत रागाच्या जोडीला मला शहाणपणही चढलं होतं, आणि ते जास्त वाईट. कॅनडा कॉर्नर नावाच्या चौकाजवळच्या एका क्लासमध्ये डेटाबेसचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं होतं, आणि दोन हजार साल उजाडायच्या जरा आधी अंबडच्या एमआयडीसीत, विजेच्या स्विचचे सुटे भाग जोडणाऱ्या एका कंपनीत मी टाइम ऑफिसला लागले होते. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली एक लांबट खोली. कोण कधी आलं, कधी गेलं, कुणाचे किती तास भरले, हे सगळं तिथे.

त्या खोलीत माझ्या आधीपासून टाइमकीपर काका बसायचे. नामपूरकडचे, निवृत्तीला आलेले. समोर हिरव्या कापडी बांधणीचं हजेरीबुक, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात खोडरबर. हजर-गैरहजर ते शाईने लिहायचे, आणि काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक गोल काढायचे. मागची हजेरी कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा शाईचं सगळं मी भरलं आणि पेन्सिलीचं सोडून दिलं. मला वाटलं, पेन्सिलीचं म्हणजे कच्चं. म्हाताऱ्याचं आपलं काहीतरी चाललेलं असेल. एका शब्दाने विचारलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण विचारायला कमीपणा वाटतो ना चोवीस वर्षांच्या पोरीला!

मग गेटवर कार्डाचं मशीन आलं. आत येताना कार्ड फिरवायचं, बाहेर जाताना फिरवायचं. त्या नोंदी माझ्या कॉम्प्युटरवर यायच्या आणि त्यांच्यातून तास काढणारी क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची हिशेबाची आज्ञा, लिहायचं काम माझं. पहिली क्वेरी अगदी सोपी होती: दिवसाची शेवटची वेळ वजा पहिली वेळ, आणि त्यातून जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी. आठ ते साडेचार, म्हणजे आठ तास. झालं काम.

साहेबांना ते पुरेना. काही जण मधेच टपरीवर जाऊन तास-तास बसतात, ते कसं दिसणार? मग मी आठ दिवस डोकं फोडून दुसरी क्वेरी लिहिली. प्रत्येक बाहेर जाण्याला त्याच्या पुढचं आत येणं जोडायचं, मधली मिनिटं मोजायची आणि तासांतून वजा करायची. साडेसात तासांच्या खाली गेलं की अर्धा दिवस. ज्या दिवशी ती बरोबर चालली त्या दिवशी मी स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना पेढे वाटले.

काकांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "पोरी, कोण कशापायी बाहेर गेलं, हे कळतं का याला?"

"त्याची गरजच काय काका? बाहेर म्हणजे बाहेर. कॉम्प्युटर काही कुणाचं तोंड बघत नाही."

काकांनी हजेरीबुक मिटून खणात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची रजा होती, गावी कांद्याची लागण होती. ते तीन आठवड्यांसाठी गेले.

महिना संपला तेव्हा अर्ध्या दिवसांची यादी मीच छापली आणि मीच नोटीस बोर्डावर डकवली. जोडणी खात्यातल्या एका बाईच्या नावापुढे ओळीने अर्धा, अर्धा, अर्धा. रोज सात तास वीस मिनिटं. एवढ्या नेमाने कोणी कसं दांडी मारतं, असं मनात आलं आणि मला चक्क हसू आलं. ती बाई पेठकडची, माझ्याच वयाची, अजून टेंपररी. ज्यांचे वर्षाचे ठरलेले दिवस भरले असतील त्यांची नावं दसऱ्याला कायम होणाऱ्यांच्या यादीत लागणार होती, आणि तिच्या घरात पक्की नोकरी अशी ही पहिलीच लागली असती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, हे जास्त खरं.

यादी लागल्यानंतर दोनच दिवसांनी गेटबाहेर एक मूल रडायला लागलं. बाहेर करंजाचं झाड होतं, त्याखाली एक म्हातारी कडेवर तान्ही मुलगी घेऊन उभी असायची. सकाळी दहाला आणि दुपारी दोनला. आधीही येत असेल, पण मूल रडत नव्हतं म्हणून माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आता ते वीस-वीस मिनिटं असं काही रडायचं की डोकं उठायचं. मी वॉचमनला म्हटलं, "अहो, त्या आजींना जरा लांब जायला सांगा ना."

"सांगितलं ताई. जातच नाहीत त्या."

मी उठून खिडकी लावून घेतली. आजही सांगताना जीभ जड होते, पण लावून घेतली. एकदा नाही, तीन दिवस.

चौथ्या दिवशी काका रजेवरून आले. पिशवीतून ओल्या भुईमुगाच्या शेंगा काढून मला दिल्या आणि एकदम कान टवकारले. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"ती पोरगी का रडतेय? हिची माय गेली नाही का बाहेर?"

"कुणाची माय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. "चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाले.

जोडणी खात्यात ती बाई मान खाली घालून स्विचमध्ये स्प्रिंगा बसवत होती. कंपनीचा निळा एप्रन तिने दुहेरी घडी करून छातीशी बांधला होता. तरी तो भिजला होता. चांगले तळहाताएवढे दोन ओले डाग. काकांनी ते पाहिलं मात्र, झटकन पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "तूच बोल," मला म्हणाले.

मी कसंबसं म्हटलं, "अगं, जा ना बाहेर. पोरगी रडतेय तुझी."

"नाय ताई. अर्धा दिस पडतो. दसऱ्याला यादी हाय."

"मग मला येऊन सांगायचं नाहीस का!" ओरडलेच मी. म्हटलं ना, राग नाकाच्या शेंड्यावर.

ती घाबरली. स्प्रिंग खाली पडली. "तुमाला काय सांगू ताई? मशीनच तसं हाय. तुमी तरी काय करणार?"

मला कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि समोर माझ्याखेरीज कोणीच नव्हतं. माझीच क्वेरी, माझेच पेढे, आणि ही मलाच सांभाळून घेत होती.

"ऊठ आधी. मी बघते मशीनचं."

तिचा विश्वास बसेना. ती काकांच्या पाठीकडे पाहत राहिली. काका भिंतीशीच म्हणाले, "जा माय, जा."

ती पळत सुटली. आणि एवढ्या घाईतही गेटवर थांबून तिने कार्ड फिरवलं.

खोलीत आल्यावर काकांनी खणातला डबा बाजूला केला आणि खालून हजेरीबुक काढलं. ही रद्दी कशाला ठेवता, असं मी त्यांना दोनदा म्हणाले होते. तिच्या ओळीत मार्चपासून पेन्सिलीचे गोल होते, दिवसाला दोन. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला दिवसातून दोनदा जाऊ द्यायचं, तो वेळ हजेरीतच धरायचा, मूल सव्वा वर्षाचं होईपर्यंत. मेहेरबानी नाही, कायदाच आहे. प्रत्येक बाईच्या वेळी काका तो असा पाळत आले होते. बायका त्यांना काही सांगत नसत, लाजायच्या. काकाच बाळंतपणाची रजा संपवून कामावर आलेल्या बाईला एकदा विचारायचे, घरी सगळं ठीक ना, आणि गोल सुरू करायचे.

"मग पेन्सिलीने का, काका? शाईने लिहिलं असतं तर मी भरलं असतं ना!"

"अगं, मूल मोठं होतं. मग खोडायचं. कायमचं थोडंच असतं ते?"

त्यांनी मागची पानं उलटली. जागोजागी कागद घासून पातळ झालेला होता, बोट लावलं तर कळायचा. प्रत्येक ठिकाणी कुणाचं तरी मूल प्यायचं थांबलं होतं, चालायला लागलं होतं. माझे डोळे भरून आले. ते पाहून काकाही गडबडले, आणि गडबडले की त्यांच्या तोंडी गावाकडची, 'आहे'ला 'शे' म्हणणारी बोली यायची. "मशीन खरंच शे व माय," माझ्या डोक्यावर टपली मारत म्हणाले, "पन मानूस बी खोटं नही शे."

साहेबांकडे गेलो तेव्हा दसऱ्याची यादी टाइप होऊन सहीला ठेवलेली होती. आपण चुकलो, हे मी तोवर जन्मात कुणाला म्हटलेलं नव्हतं. आईलाही नाही. साहेबांपुढे म्हटलं, "साहेब, चूक मशीनची नाही. त्या बाईचीही नाही. माझी आहे." आणि भडाभडा सगळं सांगितलं.

साहेब वैतागले. "एकीसाठी नियम बदलला की उद्या दहा जणी येतील."

"येऊ देत ना साहेब," काका शांतपणे म्हणाले. "ज्यांची लेकरं आहेत त्यांनी यायलाच पाहिजे." आणि हजेरीबुक उघडून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ती पानं उलटून पाहिली. शेवटी यादी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "चारच्या आत नवीन काढून आणा. आणि पेढे वाटायच्या आधी काकांना विचारत जा."

मी कॉम्प्युटरमधल्या हजेरीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला. त्याला नाव दिलं गोल. ज्या नावापुढे तो भरलेला असेल, त्याचं दहाचं आणि दोनचं बाहेर जाणं वजा करायचं नाही, असं क्वेरीत लिहिलं. काका खुर्ची ओढून शेजारी बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "यात खोडता येतं ना?"

"येतं काका."

प्रिंटर करकरत चालला. तिच्या ओळीत अर्ध्यांच्या जागी पूर्ण दिवस उतरले, आठ तास, आठ तास, आठ तास. दसऱ्याला मशीनना हार घालून झाल्यावर यादी लागली, तिच्यात तिचं नाव होतं. ती खिडकीशी आली, आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि निघून गेली. काकांच्या मात्र पाया पडली. बरोबरच केलं.

डिसेंबरात काका निवृत्त झाले. हजेरीबुक आणि खोडरबर माझ्या खणात ठेवून गेले. "लागेल," म्हणाले. मी हसले होते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली. हातात तिळगुळाची पुडी. जरा घुटमळली आणि म्हणाली, "ताई, ते खोडा आता."

"काय गं?"

"गोल. पोरगी सुटली अंगावरची. भाकर कुस्करून खाते आता. आत्याबाई तिला नाय आणायच्या झाडाखाली."

सव्वा वर्ष व्हायला अजून दोन महिने होते. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. मी तसं म्हटलंसुद्धा. तिने मान हलवली. "नाय ताई. जे नाय ते नाय."

मी कॉम्प्युटरवर रकाना रिकामा केला आणि म्हटलं, झालं. ती तिथेच उभी. पडद्यावरचं तिला काही कळत नव्हतं, आणि झालं म्हणजे काय झालं ते तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. मग मी खण उघडला, काकांचं हजेरीबुक काढलं आणि तिच्यासमोर तिच्या ओळीतले गोल एकेक करून खोडले. रबराचा चुरा तिनेच पदराने झटकला.

"लय लवकर झालं नाय का, ताई?" ती म्हणाली. डोळे भरले होते, तोंडावर हसू होतं. मी तिचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखी क्वेरी चालवली. तिच्या नावापुढे सात तास सत्तावन्न मिनिटं. मी नोंदी उघडून पाहिल्या. दुपारी दोन वाजून एका मिनिटाला बाहेर, दोन वाजून चार मिनिटांना आत.

वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "हो ताई, त्या जोडणीतल्या बाई आल्या होत्या बाहेर. झाडापाशी उभ्या राहिल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि परत गेल्या."

तीन मिनिटांनी तिचं काही बिघडणार नव्हतं. दिवस पूर्णच धरला जाणार होता. तरी मी, जिने एका मिनिटाची कुणाला सूट दिली नव्हती, ती नोंद उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा हाताने आठ तास लिहिले. मग हजेरीबुक काढलं, तिच्या ओळीत ती तारीख घातली आणि तिच्यापुढे पेन्सिलीने एक बारीक गोल काढला. तो मी अजून खोडलेला नाही.