टेबलावर बरोबर, हवेत चूक
ग्लायडर क्लबात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणत, पण सख्खा असा तिथे एकच होता, धाकटा भाऊ. इंजिन नसलेली ती विमानं आभाळात एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येकात एक हातात मावणारं यंत्र असे. ते आपली उंची इतरांना कळवी. भावाचं यंत्र मात्र तो खरोखर असे त्यापेक्षा बरीच कमी उंची दाखवू लागलं. ताईंनी ते पुन्हा पुन्हा उघडलं, सेन्सरही बदलला. टेबलावर बरोबर, हवेत चूक! एक वैमानिक भावावर आदळता आदळता वाचला, तेव्हा खापर ताईंवर फुटलं. त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. भाऊ शेजारीच उभा होता.

आज तो उतरल्या उतरल्या त्या स्वतःच यंत्र काढायला गेल्या. यंत्र हवेच्या दाबावरून उंची मोजी, आणि तो दाब आत जाण्याच्या बारीक भोकावर चिकटपट्टी होती.

"ठरलेल्या उंचीच्या वर गेलं की यंत्रात नोंद होते आणि उडणं बंद होतं ना, ताई," तो ओशाळून हसला. "म्हणून लावायचो. उतरलो की काढायचो."

"आणि मी सेन्सरला शिव्या घालत बसायचे?"

"तुला कोण काय बोलणार! घरातली गोष्ट घरात राहू दे."

"केसानं गळा कापलास रे! मी माफी मागत होते आणि तू ऐकत होतास."

यंत्र पट्टीसकट हातात घेऊन त्या मुख्य प्रशिक्षकांच्या खोलीकडे निघाल्या. तो मागून हाका मारत राहिला. त्यांना रडू फुटलं होतं, म्हणून त्या वळल्या नाहीत.