मनकर्णाबाईची धडधड

गारखेड्यात कुजबुज होती की मनकर्णाबाईचं मन दूधवाल्या माऊलीवर बसलंय. आम्ही गच्चीवरून रोज बघायचोच. माऊली पायरीवरच्या पातेल्यात दूध ओतायचा, ही ते उचलायला वाकायची आणि उठताना चेहरा पांढराफटक, अंगाला घाम, हात लटलट. पन्नाशीत असला इश्क म्हणजे आमची सकाळ लई गोड जायची.

नवऱ्याच्या, म्हणजे सांडूच्या कानावर गेलं. त्यानं माऊलीचं दूध बंद करून पिशवीचं दूध लावलं आणि बायकोशी बोलणं सोडलं. मग एकदा पायरीवरची पिशवी उचलताना ती तशीच थरथरली.

"आता कुणासाठी?" सांडू म्हणाला.

"मला नाय माहीत. छाती फुटंल असं होतंय."

तेव्हा कुठं त्यानं तिला दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. आता ती पिशवी निवांत उचलते.

"बरं वाटतं का?" सांडू विचारतो.

"काहीच वाटत नाय," म्हणते आणि दूध तापत ठेवते.

माऊलीचा काही संबंध नव्हता. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होती. वाकलं की ती दाबली जायची आणि माणूस घाबरल्यावर सुटतं ते ॲड्रेनलिन तिच्या रक्तात उगाच सुटायचं.