तीन परके, दोन घरचे

वेल्समधून आलेला खेळाडू इंग्लंडच्या क्लबात परका धरतात, हे मला बहारीनमध्ये आल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं. मी तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये उभा होतो आणि हातातला चहा बशीत सांडला होता. एकच राणी, एकच पासपोर्ट, आणि तरी परका? साहेब हसत होते. मला धक्का द्यायला त्यांना मनापासून आवडायचं.

साहेब म्हणजे आमच्या वर्कशॉपचे बहारीनी मॅनेजर. कंपनी एसी दुरुस्तीची. कुठला टेक्निशियन कुठल्या कामावर जाणार, सोबत कोण, गाडी कुठली, हे ठरवणं माझं काम. साहेब तरुणपणी दोन वर्षं इंग्लंडमध्ये शिकायला होते. तिथून विद्या किती आणली देव जाणे, पण एका फुटबॉल क्लबचं वेड मात्र पक्कं घेऊन आले. मीही लहानपणी पुण्यात, कॅम्पातल्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळलेला. पहिल्याच महिन्यात आमचं सूत जमलं आणि साहेबांचा क्लब तो माझा क्लब झाला.

त्या सुमाराला क्लबाच्या डोक्यात युरोपचा कप भरला होता. इंग्लंडातली लीग जिंकून त्यांचं पोट भरेना. दोन वर्षं त्यांनी खेळाडू विकत घेण्याचा सपाटा लावला. स्कॉटलंडचा ताडमाड सेंटर-हाफ, आयर्लंडचा मधल्या फळीतला, नॉर्वेचा स्ट्रायकर, वेल्सचे दोघे. घरच्या लीगमध्ये त्यांनी सगळ्यांना लोळवलं. पण युरोपच्या सामन्यांत नियम आडवा यायचा. मैदानावर परके तीनच. शिवाय आणखी दोन असे, की जे परके असले तरी त्या देशात सलग पाच वर्षं खेळलेत, त्यातली तीन पोरवयात. त्या दोघांना परक्यांत मोजायचं नाही. साहेब त्यांच्यासाठी कसलासा लांबलचक इंग्रजी शब्द वापरायचे. मी त्यांना 'घरचे' म्हणायचो.

मग आमचा एक रिवाजच पडला. युरोपचा सामना आला की त्याआधीच्या शनिवारी, आठवड्याचं काम सुरू व्हायच्या आत, साहेब मला केबिनमध्ये बोलवायचे. जुन्या जॉब कार्डाच्या पाठीवर मी तीन रकाने आखायचो. आपले, परके, घरचे. नावं लिहायची नाहीत, हा साहेबांचा दंडक. फक्त जागा आणि देश. नाव लिहिलं की माणूस मऊ पडतो, म्हणायचे. मी मऊ पडायचो नाही. रोज बारा माणसं आठ कामांवर वाटणारा मी, मला हे जमणारच होतं. कोणाला खेळवायचं आणि कोणाला इंग्लंडात घरी बसवायचं, हे मी चहा संपायच्या आत ठरवायचो आणि साहेब मान डोलवायचे.

सामना बुधवारी व्हायचा. साहेबांकडे डिश होती, ते कॅसेटवर उतरवून घ्यायचे आणि गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की कॅसेट माझ्या हातात. ती आम्ही बघायचो शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, नईम मोहल्ल्यात चाचांच्या खोलीवर. तोवर निकाल कोणी सांगायचा नाही. साहेबांना तो ठाऊक असायचा, म्हणून गुरुवारी त्यांच्या तोंडाकडे बघायचंच नाही, असं चाचांनी मला बजावलं होतं.

चाचा आमचे स्टोअरकीपर. रत्नागिरीकडचे, बहारीनमध्ये बावीस वर्षं. शेल्फावर काय कुठे आहे हे रजिस्टर न बघता सांगायचे, आणि बंद पडलेला कॉम्प्रेसर नुसता हलवून आतलं काय गेलंय ते ओळखायचे. नईमच्या गल्लीत बहारीनी लोक त्यांना पत्ते विचारायचे, इतकं त्यांचं अरबी सफाईदार. शुक्रवारी ते सुरमईचं कालवण करायचे आणि आम्ही ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचो. मी सामन्याआधी माझा कागद दाखवला की ते तो हातात घ्यायचे नाहीत.

"मी कोनाला काढनार नाय," ते म्हणायचे. "खेळायला आलाय ना तो? मग त्याला बसवायचा कसा?"

मला ते भाबडे वाटायचे. नियम आहे तर कोणीतरी काढायलाच हवं, एवढं साधं यांना कळत नाही, असं मी बायकोला घरी जाऊन सांगायचो.

एका वर्षी क्लब थेट उपांत्य फेरीपर्यंत पोचला. त्या शनिवारी मी स्कॉटिश सेंटर-हाफला बाहेर ठेवलं आणि नॉर्वेच्या स्ट्रायकरला आत घेतलं. शुक्रवारी कॅसेट लावली, तर कोचने अगदी माझाच कागद वाचल्यासारखा तोच संघ उतरवलेला. मी उडालोच. चाचांच्या पाठीवर थाप मारली. आणि पुढच्या चाळीस मिनिटांत आमच्यावर तीन गोल झाले, तिन्ही डोक्याने. बचावात तो उंच स्कॉटिश असता तर एकही झाला नसता. मी तोंड उघडं टाकून बसलो होतो. घास हातात तसाच.  चाचांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

त्यातून मी काही शिकलो असतो तर पुढचं सांगायची वेळच आली नसती.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीला सखीरकडे एका मोठ्या आवारातल्या एसीचं काम मिळालं. त्याच सुमाराला हमद टाउनचं आमचं छोटं वर्कशॉप बंद होणार होतं, म्हणजे आता जे काय ते सखीरच. करारात अट होती. बारा माणसांची टीम, त्यात परदेशी तीनच. बाकीचे नऊ बहारीनी. आम्ही परदेशी होतो चार. केरळचा इलेक्ट्रिशियन, पाकिस्तानचा चिलर मेकॅनिक, चाचा आणि मी. जो उरेल त्याचा व्हिसा पुढे वाढणार नव्हता.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. तुझा हात बसलाय, म्हणाले. संघ तू निवड. सोमवारपर्यंत दे.

मला सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा अभिमान वाटला होता. साहेबांनी हे काम हेड ऑफिसकडे न देता माझ्याकडे दिलं. मी घरी टेबलाशी बसलो आणि सवयीने तीन रकाने आखले. आपल्यांत नऊ. परक्यांत इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक आणि मी. आणि तिसऱ्या रकान्यात एकच ओळ लिहिली. स्टोअरकीपर, इंडिया, बावीस वर्षं. पाच वर्षांत माणूस घरचा होतो तर बावीस वर्षांत किती वेळा होईल? मला ती माझी कमाल वाटली. साहेब हा कागद बघून आधी हसतील आणि मग वर जाऊन चाचांसाठी भांडतील, याची मला खात्री होती. फुटबॉलची भाषा आम्हा दोघांचीच होती, ती त्यांना कळणार नाही तर कोणाला? कोणाचंही नाव न लिहिता मी चौघांनाही वाचवलं, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी साहेबांना विचारून तर घे. मी ऐकलं नाही.

सोमवारी कागद दिला. साहेबांनी तो वाचला, मान डोलावली आणि ट्रेमध्ये ठेवला. हसले नाहीत. मला वाटलं, कामाची गडबड असेल.

पुढच्या रविवारी चाचांना नोटीस मिळाली. त्यांनी ती मला स्टोअरच्या खिडकीतून दाखवली, काहीतरी चुकून आलेला सुटा भाग दाखवावा तशी.  मी धावतच केबिनमध्ये गेलो. माझा आवाज चढला होता. साहेबांसमोर तो कधी चढत नसे.

"घरचे हा रकाना युरोपात आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "इथे नाही."

मी म्हणालो, बावीस वर्षं. साहेबांनी डोकं हलवलं. ते म्हणाले, नियम तरी नीट आठव. पोरवयातली तीन वर्षं लागतात. तो इथे आला तेव्हा तिशी उलटलेला माणूस होता. मला पटकन माझी मुलगी आठवली. इथेच जन्मलेली, इथेच शाळेत जाणारी, माझ्याशी इंग्रजीत बोलणारी. तिचं सगळं पोरवय इथलंच होतं, आणि तिच्याही पासपोर्टवर आम्ही दर दोन वर्षांनी व्हिसाचा शिक्का मारून आणत होतो. म्हणजे तो नियम इथे कुठल्याच बाजूने लागू नव्हता आणि मी शहाणा त्याच्यावर एका माणसाचं घर उभं करून आलो होतो.

साहेबांचंही मला नवल वाटलं. त्यांना खरोखरच वाटलं होतं की मी चाचांना काढलंय, फक्त जरा गोड शब्दांत. परक्यांचे तीन तू निवडलेस, त्यात तो नव्हता, मी आणखी काय समजायचं, असं ते म्हणाले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"हेड ऑफिसला पाठवलेला फॅक्स दुपारी एकपर्यंत बदलता येईल. एकाच्या जागी एक. सांग, कोणाला काढू?"

इलेक्ट्रिशियनशिवाय काम उभं राहत नव्हतं. मेकॅनिकशिवायही नाही. माणसं वाटायचं माझं काम मात्र कोणीही हुशार माणूस महिन्याभरात शिकला असता, आणि चाचा तर ते आजही माझ्याहून बरं करू शकले असते. हे मला माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं. ते माझ्याकडे बघत थांबले. टेबलावर त्यांची लेखणी होती, त्यांनी ती माझ्या बाजूला सरकवली. मुलीची शाळा, पुण्यातलं गच्च भरलेलं घर, तिथे मला उभं राहायला जागा कोण देणार, असं सगळं माझ्या मनात आलं.  मग मी म्हणालो, दुपारी सांगतो.

दुपारी मी एका कामाच्या पाहणीला निघून गेलो. ती पाहणी दुसऱ्या दिवशीही चालली असती. एक वाजला तेव्हा मी गाडीत बसलो होतो, गाडी बंद होती आणि मी घड्याळाकडे बघत होतो. मी असा असेन, असं मला कोणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

चाचांच्या शेवटच्या शुक्रवारी मी कॅसेट न घेताच गेलो. खोली आवरलेली होती, खोके दोरीने बांधलेले. टीव्ही त्यांनी खालच्या दुकानदाराला देऊन टाकला होता. कालवण मात्र केलं होतं. मी माफी मागायची म्हणून सगळी वाक्यं जुळवून गेलो होतो. पण मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी सांगितलं की तो कागद त्यांनी बघितलाय. कॉपी मशीन स्टोअरमध्येच होतं आणि साहेबांनी कागद कॉपीला तिथेच पाठवला होता. माझं अक्षर ते लगेच ओळखत.

"तू मना घरचा लिव्हलास," ते म्हणाले. "बावीस वर्षांत कोनी लिव्हला नव्हता. आता नाय चालला त्यांना, तर तू काय करशील?"

मी काय करू शकलो असतो ते मला ठाऊक होतं. मी मान खाली घालून जेवलो. त्यांनी मला दोनदा वाढलं.

काही महिन्यांनी युरोपातल्या एका कोर्टाने निकाल दिला आणि परक्यांची ती मोजणीच मोडीत निघाली. साहेब आनंदाने केबिनबाहेर आले. आता स्कॉटिश, आयरिश, नॉर्वेवाला, सगळे एकदम खेळवता येतील, यंदा कप आपलाच, यल्ला, ये, नवा संघ लिहू. मी गेलो. कागदावर रकाने आखायची गरजच उरली नव्हती, तरी माझा हात तीन रेघा ओढून बसला. साहेबांनी ते पाहिलं आणि चहा मागवला.

ही बातमी चाचांना आवडेल म्हणून मी त्यांच्या गावी फोन लावला. त्यांना फार आनंद झाला. म्हंजे आता कोनाला बसवायला नको, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी घरात कोणाला तरी हाक मारली, बहारीनचा फोन हाय म्हणून, आणि रिसीव्हर बायकोच्या हातात दिला. त्यांच्याशी मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

"तुमीच ना ते," त्या म्हणाल्या, "ह्यांना घरचा लिव्हलेले? ह्ये सगळ्या गावाला सांगतात. अल्ला तुमचा भला करो."

मी हो म्हणालो.