पाहुण्यांचं ताट

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण परवा आमच्या चिखलीच्या कॉलेजात माझा सत्कार झाला आणि मला अक्षरशः संताप आला. "मॅडमचा आत्मविश्वास बघा!" म्हणे. खेड्यातून एसटीनं येणारी मुलगी, साहित्याच्या चर्चेतून कशी घडली — शाल काय, टाळ्या काय! तो आत्मविश्वास आला कुठून, हे एकानं तरी विचारावं?

विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? — नाही. तेही खरंच.

अमडापूरहून आम्ही दोघी यायचो, मी आणि रंजना. बी.ए.ला मराठीचे सर दर शुक्रवारी चर्चा घ्यायचे. कथा घरून वाचून यायची आणि उभं राहून बोलायचं. मुली तोंडच उघडायच्या नाहीत. मी तर शेवटच्या बाकावर वहीत तोंड खुपसून बसायचे. रंजनाही वर्गात गप्प असायची, पण एसटीत मात्र ती अख्खी कथा सोलून काढायची. कंडक्टरसुद्धा तिकिटं द्यायची सोडून ऐकत उभा राहायचा.

त्या शुक्रवारची कथा होती सासर सोडून कायमची माहेरी आलेल्या मुलीची. आई तिला फळीवरचं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं ताट काढून जेवायला वाढते. मला वाटलं, काय ही माया!

"माया कायची वं?" रंजना म्हणाली. "पाहुण्याचं ताट देल्लं म्हंजे तिले सांगतलं, तू आता या घरची नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाली, तिच्या ताईचं अगदी असंच झालं होतं. ताईनं मुकाट्यानं जेवून ते ताट घासलं, परत फळीवर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच रोजची थाळी घेऊन सगळ्यांत बसली. "आज वर्गात मी सांगणार हाय," रंजना म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली.

आणि मी काय केलं? सरांनी "कोण बोलणार?" म्हणताच — मी उभी राहिले. तिचा हात वर जायच्या आत. तिचं सगळं म्हणणं पुस्तकी मराठीत घोळून सांगितलं. ताईलासुद्धा सोडलं नाही! "ती मुलगी उद्या रोजची थाळी मागून घेईल," असं ऐटीत म्हणाले. सर खूश. वर्ग वळून वळून माझ्याकडे बघायला लागला. आपला आवाज इतका मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात रंजना उभी राहिली. "सर, हे आमच्या घरी झालं व्हतं, माह्या ताईले..."

"अगं, हे आत्ताच हिनं सांगितलं," सर म्हणाले. "तिचंच उचलून काय सांगतेस? आणि कॉलेजात तरी नीट मराठी बोलत जा." वर्ग खो खो हसला. मग सर माझ्याकडे वळले. "हिनं तुझंच ऐकलंय ना?"

मी म्हणाले, "हो, सर."

आजही तळपायाची आग मस्तकात जाते. सरांची चीड येते — आपली वऱ्हाडी कानावर पडली की समोरच्याला अक्कल नाही असं धरून चालणारा माणूस, आणि तो म्हणे साहित्य शिकवायचा! हसणाऱ्यांची चीड येते, घरी तेही तसंच बोलायचे की! पण सरांनी मला फक्त विचारलं होतं. कुणी माझा गळा धरला नव्हता. एक "नाही" म्हणायला काय लागत होतं?

परतीच्या एसटीत रंजना एवढंच म्हणाली, "ताईचं व्हतं ते. काऊन सांगतलं वं?" मी तिकिटाचे सुटे पैसे मोजत बसले. त्यानंतर दर शुक्रवारी मी बोलले. ती वर्गात पुन्हा कधीच बोलली नाही. एसटीतही नाही.

यंदा तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. सत्कारानंतर पेढा घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, आई म्हणते तुमच्यासारखं बोलाले शिक. तिले नाही जमलं कधी. आई पहिल्यापासूनच लाजरी हाय ना?"

पोरगी माझ्याकडे बघत होती. उत्तर अगदी ओठावर होतं.

मी म्हणाले, "हो गं, लाजरीच होती."