कल्हईला गेलेलं झाकण

आमच्या घरात बिअरचा थेंब येत नाही, पण शोकेसमध्ये बिअरचे अकरा जुने जर्मन मग आहेत. चिनीमातीचे, जाडजूड. अंगावर शिकारी, हरणं, फेर धरलेल्या गुबगुबीत बायका, आणि वर अंगठ्यानं उघडायचं धातूचं झाकण. पहिला मग भावानं आणला. कंपनीच्या कामानं तो जर्मनीला गेला होता. त्यात मी पेनं ठेवायचे. पुढं नादच लागला. ओळखीतल्या कुणाचा मुलगा तिकडं शिकायला गेला की त्याच्या आईच्या मागं माझा तगादा सुरू. दोन तर इथल्याच भंगारवाल्याकडं मिळाले.

घरी येणारा माणूस आधी शोकेसकडं बघतो आणि लगेच आमच्या यांच्याकडं. "माझं न्हाय हो ते, हिचं हाय," असं हे घाईघाईनं सांगून टाकतात. त्या कपाटाकडं ते कधी फिरकत नसत. चेष्टा वाटायची ती पहिली काही वर्षं. नंतर मला खरंच वाईट वाटायला लागलं. एवढ्या हौसेनं जमवलेलं घरच्याच माणसानं बघू नये?

सगळ्यात जुन्या मगाच्या झाकणावर बारीक अक्षरं कोरलेली होती. शब्दकोश घेऊन बसले तेव्हा कळलं, कुणा नवरीनं लग्नाच्या दिवशी नवऱ्याला तो दिला होता. गेल्या वर्षी पुसताना त्याची बिजागरी निखळली, म्हणून झाकण मी स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलं.

दिवाळीच्या आधी आमची पितळेची भांडी कल्हईला जातात. यांनी ती पिशवीत भरली, शिवाजी पेठेत नेली आणि तासाभरात हे कल्हईवाल्याला घेऊनच परत आले. पिशवी त्या म्हाताऱ्याच्या हातात आणि यांच्या हातात रुमालाची पुरचुंडी. सोडली तर आत लिंबाएवढा राखाडी गोळा.

"वैनी, चूक माझी हाय," कल्हईवाला म्हणाला. "झाकण हातात घेतलं तवाच मऊ लागलं हुतं. पर सायब म्हणालं, घाल की बिनघोर."

"त्यांचं काय न्हाय त्यात," हे म्हणाले. "झाकण काळं पडलं हुतं. म्हटलं, चकचकीत करून तुझ्या हातात द्यावं."

त्या झाकणात बहुतेक कथीलच असतं, कल्हईवाला भांड्याला लावतो तेच. कथील जरा तापलं की पाणी होतं, हे मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. अर्ध्या गावाच्या पोरांना सांगितलं, घरात सांगायचं राहिलं. तरी मी भडकलेच. "विचारायला तोंड नव्हतं काय तुम्हाला?" असं शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले. कल्हईवाला आपल्या चपलांकडं बघत उभा राहिला.

तेवढ्यात यांच्या उजव्या हाताकडं लक्ष गेलं. दोन बोटांवर टरटरून फोड आले होते.

"हे काय?"

"वितळाय लागलं तसं सायबांनी हातच घातला की भट्टीत," कल्हईवाल्यानं सांगितलं. "मी वरडस्तोवर."

मी यांचा हात नळाखाली धरला. बराच वेळ धरून ठेवला. नंतर दोघांना चहा केला. कल्हईवाल्यानं भांड्यांचे पैसे घ्यायला साफ नकार दिला आणि मी ते बळंच त्याच्या खिशात कोंबले.

तसं नवीन झाकण मिळतं, जर्मनीहून मागवता येतं. भावानं दोनदा विचारलं, मी नको म्हटलं. तो मग उघडाच ठेवलाय आणि त्याच्या शेजारी बशीत तो गोळा. येणारे विचारतात, हे काय म्हणून. शोकेसमधलं बाकी सगळं मी माझ्या हौसेनं आणलंय. तेवढा गोळा यांनी माझ्यासाठी आणलाय.